एका थेंबाचे वारसदार

बेल वाजली आणि दार उघडलं ते नेमकं मेलेल्या मुलानंच.

बाहेर एक जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात पांढरी फुलं आणि त्यांच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाचे भाव. बाईंनी आवाज खाली आणला.

"आई आहेत का हो घरात? आम्ही भेटायला आलोय. त्यांचा मुलगा गेला ना... आम्हाला गाण्यातून कळलं."

"कुठला मुलगा?" काजव्यानं विचारलं. खरं तर त्याला ठाऊक होतं, पण काही प्रश्न माणूस सवयीनं विचारतो.

"तो कॅमेरावाला."

"हां," काजवा म्हणाला. "तो मीच."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं फुलांकडे पाहिलं. फुलांना काही सुचेना.

"म्हणजे तुम्ही धाकटे का?" बाईंनी सावरून घेत विचारलं. "चेहरा अगदी तसाच असणार."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "पाठव त्यांना आत! आणि तू बाजूला हो रे जरा. उगाच लोकांचा गोंधळ करू नकोस."

काजवा बाजूला झाला. स्वतःच्या सांत्वनाला आलेल्या माणसांना वाट करून द्यायची, हे काम त्या महिन्यात त्यानं इतक्या वेळा केलं होतं की पायपुसणं कुठं सरकतं हेही पाठ झालं होतं. आत गेल्यावर आई त्यांना काय सांगते, हेही त्याला भिंतीआडून ऐकू यायचं. गेल्या आठवड्यात तो बर्फात गेला होता, कॅमेरा छातीशी धरून. त्याआधी समुद्रात. आज तो चालत्या क्रेनवरून एका गायिकेला वाचवताना गेला. बाई हुंदके देत होत्या.

ते दोघं फुलं ठेवून गेल्यावर तो आत आला.

"आई, हे बरं नाही. मी जिवंत आहे."

"मग मी कुठं नाही म्हणतेय?" आई फुलं पाण्यात ठेवत म्हणाली. "पण तू जिवंत होतास तेव्हा तुझ्याबद्दल विचारायला एक माणूस आला नाही. गेल्यापासून रोज येतात. तू लहानपणी कसा होतास विचारतात. काय आवडायचं विचारतात. मलाही जरा बोलायला मिळतं."

काजवा पायपुसणं जागेवर सरकवायला दाराशी गेला. आईशी बोलताना त्याचं हे असंच व्हायचं. वाक्य तोंडाशी यायचं आणि परत फिरायचं.

या सगळ्या घोळाचं मूळ एका टेस्टमध्ये होतं. नवी लेन्स हातात आली की काजवा ती आधी घरी आणायचा, एका चेहऱ्यावर लावून बघायचा, मगच कामावर न्यायचा. त्या दिवशी घरात चेहरा एकच होता, आईचा. त्यानं तिला खिडकीशी खुर्चीत बसवलं, "हलू नकोस" म्हणून सांगितलं आणि कॅमेरा चालू केला. आई बसली. बसल्या बसल्या तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, गालावर थांबला, जणू पुढचा पत्ता विचारला, आणि हनुवटीकडे गेला. काजवा ती टेस्ट लॅपटॉपवर बघत असताना, तो तेव्हा करत होता त्या गाण्याच्या व्हिडिओचा पोरगेलासा दिग्दर्शक मागून डोकावला आणि खुर्चीतून पडला. खरंच पडला, आई तर सांगते त्याचा दात पडला. गाणं परत न आलेल्या मुलाचं होतं. त्यानं तो थेंब गाण्याच्या शेवटी टाकला, आणि घराघरांतली माणसं टीव्हीसमोर, फोनसमोर, न्हाव्याच्या आरशासमोर बसून रडायला लागली. मुलगा खरंच गेला असं धरून काही जण पत्ता शोधत आईला भेटायला येऊ लागले.

काजव्यानं जन्मभर गाण्यांचे व्हिडिओच केले होते. लहानपणी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, चष्म्याच्या दुकानातून भिंगं ढापून त्यानं बुटाच्या खोक्याचा कॅमेरा केला, तेव्हापासूनच हे खूळ. मग लग्नांच्या शूटिंगला दिवे उचलले. मग वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कॅमेऱ्याचा फोकस धरला. मग व्हिडिओ. एका गायकाला झाडाला उलटं टांगून कॅमेराही उलटा केला, त्यामुळे गायक सरळ दिसला आणि झाड उलटं. एका गायिकेला ट्रकभर साबणाच्या फेसात बसवलं. तो फेस पुढच्या चौकापर्यंत वाहत गेला आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे त्यात एक पोस्टमन गेला, तो अजून सापडलेला नाही. पिक्चरही केले होते, पण मुख्य कॅमेरामनच्या हाताखाली, दुसऱ्या कॅमेऱ्यावर. नाव यायचं ते अगदी शेवटी, लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात तेव्हा.

आणि आता, चाळिशी केव्हाच मागे पडल्यावर, एक पूर्ण पिक्चर त्याच्या एकट्याच्या नावावर येऊ घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिक्चरच्या दिग्दर्शक बाई येणार होत्या. त्यांची अट त्यांनी फोनवरच सांगून टाकली होती.

"कॅमेरा तुमचा. पण आई तुमच्या आईच हव्यात. तोच चेहरा, तोच थेंब. दोघं आलात तर लगेच निघू, चार महिने डोंगरात. आईंचं जमणार नसेल, तर मग मी सगळाच वेगळा विचार करीन."

म्हणून त्या सकाळी सगळे जमले होते. या घरात कुणाला दाढ काढायची असली तरी भावंडं जमायची आणि दाढ बाजूला राहून भलत्याच गोष्टी उपटल्या जायच्या.

दादा सोफ्याच्या कडेला बसला होता, दुकानात बसतो तसाच, गिऱ्हाईक आलं तर उठता यावं म्हणून. अण्णांमागं चष्म्याचं दुकान त्यानंच सांभाळलं.

"मला हे पसंत नाही," तो म्हणाला. "या वयात आईनं सगळ्या जगासमोर रडायचं? का? याचं नाव व्हावं म्हणून? आम्हीही काचाच विकतो. पण आमची काच लोक नाकावर ठेवतात आणि आम्हाला विसरतात."

"तुझं नेहमीचंच आहे, दादा," ताई म्हणाली. ती पहाटेची निघून आली होती आणि आल्यापासून आईच्या कपाटातल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. "आईला करू दे की हौस. जन्मभर आपल्यासाठीच केलं तिनं."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ते ताई बोलली की बरोबर आहे म्हणायचे, दादा बोलला की तेही बरोबर आहे म्हणायचे, आणि अशा रीतीनं त्यांचं दोन्ही घरांत उत्तम चाललं होतं.

काजव्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती एडिटर होती. तो थेंब तिनंच तिच्या टेबलावर मागून-पुढून कापून गाण्यात बसवला होता. ती फक्त एवढंच म्हणाली, "आईंना विचारलंय का कुणी?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई बिस्किटं डब्यात लावत होती.

"मला काय विचारायचं?" ती म्हणाली. "मी तर केव्हाची तयार आहे."

दिग्दर्शक बाई आल्या त्या ठरल्याप्रमाणे. आखूड केस, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी त्या कधीच वाजवत नाहीत आणि तरी सगळे घाबरतात, असं काजवा ऐकून होता. त्यांनी चहा घेतला, खिडकी पाहिली, खुर्ची पाहिली, खुर्चीवर बसून पाहिलं.

"मला ग्लिसरीन चालत नाही," त्या म्हणाल्या. "ते पाणी पडद्यावर लगेच ओळखू येतं. आता इथंच एकदा करून बघू. आई, फक्त एक सांगा. त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं? म्हणजे आपल्याला तिथूनच सुरुवात करता येईल."

आईनं तोंड उघडलं. पण उत्तर दिलं ताईनं.

"माझं लग्न." ताईचे डोळे आत्ताच भरले होते. "मी सासरी निघाले तो दिवस. मी तेव्हा केवढीशी होते. आईनंच सांगितलं मला, फोनवर. म्हणाली, त्या खिडकीतून तुझी गाडी जाताना पाहिली होती, ती आठवली."

"तुझी गाडी?" दादा सरळ झाला. "आई तुला असं म्हणाली?"

"हो. का?"

"कारण मला ती म्हणाली की तो थेंब माझ्यासाठी होता. मला बोटीवर जायचं होतं. अण्णा गेले म्हणून मी दुकानात बसलो. दुकानात येऊन, माझ्यासमोर, नंबर तपासायच्या खुर्चीत बसून म्हणाली ती. 'तुझी बोट आठवली रे,' म्हणाली."

"बोट!" ताई म्हणाली. "अरे, तुला बोट लागायची. आपण तलावात होडीत बसलो तर तू माझ्या फ्रॉकवर ओकला होतास."

"तो मुद्दा नाही!"

"एक मिनिट, एक मिनिट." भाऊजी उठून उभे राहिले, आणि हे इतकं क्वचित घडायचं की सगळे वळून बघायला लागले. "काहीतरी गफलत होतेय. आईंना तेव्हा माझं अपेंडिक्स आठवलं होतं."

दादानं भाऊजींच्या पोटाकडे पाहिलं.

"मला त्या स्वतः म्हणाल्या," भाऊजी म्हणाले. "म्हणाल्या, 'तुम्हाला स्ट्रेचरवरून नेलं तो प्रसंग डोळ्यांपुढं आला.' मी कुणाला बोललो नाही. मी ते मनातच ठेवलं होतं."

"तुमच्या अपेंडिक्ससाठी?" ताई त्यांच्याकडे वळली. "माझ्या लग्नाला सोडून माझी आई तुमच्या अपेंडिक्ससाठी रडेल?"

"फुटलं होतं ते!"

काजव्यानं बायकोकडे पाहिलं. निदान एक माणूस तरी शुद्धीवर असेल म्हणून. ती जमिनीकडे बघत होती.

"तू पण?" त्यानं विचारलं.

"मी काही म्हटलं का?" ती म्हणाली. मग हळूच, "मला म्हणाल्या होत्या, तू रात्र रात्र घरी येत नाहीस आणि मी खिडकीत उभी असते, ते आठवलं. मला... मला बरं वाटलं होतं."

आता मात्र जो तो बोलायला लागला. दादा आणि ताई, जे सकाळपासून एकमेकांविरुद्ध होते, ते दोघं मिळून भाऊजींवर तुटून पडले. भाऊजींनी काजव्याच्या बायकोचा आधार घ्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, मला यात ओढू नका. दादा ताईला म्हणाला, तुझं लग्न काही एवढं दुःखाचं नव्हतं, जिलेटिनच्या कागदासारखी चमकत होतीस. ताई म्हणाली, बघा, बहिणीशी कसा बोलतो. दिग्दर्शक बाई एकेकाकडे बघत होत्या, टेनिसची मॅच बघावी तशा. फक्त इथं चेंडू चार होते.

आई बशीत ओतलेला चहा फुंकत होती.

"आई!" दादा ओरडला. "सांगून टाक आता. कुणासाठी?"

"असेन सगळ्यांसाठी रडले," आई म्हणाली. "एवढे काय भांडता? थेंब तर एकच होता. घ्या वाटून."

ताई रडत स्वयंपाकघरात गेली. तिला समजवायला भाऊजी गेले. भाऊजी चुकीचं समजावतील म्हणून दादा गेला. भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला तशी बायको भांडी वाचवायला गेली.

बाहेरच्या खोलीत आई, काजवा आणि दिग्दर्शक बाई उरल्या.

"तुम्ही लाइट लावून घ्या," बाई म्हणाल्या आणि खिशातून फोन काढून कोपऱ्यात गेल्या. पण त्या फोनवर काही बोलत नव्हत्या. काजव्यानं ते बघून ठेवलं.

त्यानं स्टँड उभा केला, कॅमेरा चढवला. त्याचे हात आपलं काम करत होते आणि डोकं भलतीकडेच होतं. चेहऱ्यावर उजेड टाकायचा म्हणजे त्या चेहऱ्यात काय चाललंय ते ठाऊक हवं, असं तो शिकाऊ पोरांना सांगायचा. मोठ्या थाटात सांगायचा. आणि इथं त्याच्या सगळ्यात गाजलेल्या चेहऱ्यात काय चाललं होतं, याची त्याला दमडीची कल्पना नव्हती. घरातल्या प्रत्येकाकडे एकेक कारण होतं. त्याच्याकडे नव्हतं. इतक्या महिन्यांत त्यानं विचारलंच नव्हतं. लेन्स चांगली निघाली एवढंच त्यानं तेव्हा पाहिलं होतं.

तो खुर्चीपाशी वाकला, आईचा पदर सारखा करायच्या निमित्तानं.

"आई, मला तरी खरं सांग."

"काय?"

"तेव्हा काय झालं होतं? मला उजेड लावायचाय. ठाऊक नसेल तर मी काय लावू?"

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग कोपऱ्यात.

"खरं सांगू?" ती कुजबुजली. "काही नव्हतं आठवलं. तू तो दिवा माझ्या डोळ्यात मारला होतास. डोळ्यांत अशी आग होत होती! पण तू म्हणालेलास हलू नकोस. म्हटलं, हलले तर पोराचं बिघडेल. म्हणून बसले तशीच. पाणी यायचं ते आलं."

काजवा उभा राहिला. त्याला हसू आलं. आधी हसू, आणि मग मनात खोल कुठंतरी गुदगुल्या झाल्यासारखं झालं. म्हणजे ना लग्न, ना बोट, ना ते अपेंडिक्स. त्याचा दिवा! लोक आरशासमोर बसून रडले ते त्याच्या दिव्यामुळे. बिचारी आई. आणि काय बसली!

"ऐकू आलं मला," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या. फोन खिशात गेला होता. "मग सोपं आहे की. तोच दिवा, तिथंच लावा. आई बसतील ना तशा?"

"बसेन की," आई लगेच म्हणाली आणि खुर्चीत सरसावून बसली. "मार रे दिवा."

त्यानं दिवा उचलला. आईच्या समोर आणून ठेवला. चालू करायचा म्हणून हात बटणावर गेला, आणि थांबला.

दिवा समोर कुठं होता?

त्यानं मॉनिटर जवळ ओढला आणि जुनी टेस्ट लावली. आईचा चेहरा आला. थेंब निघायच्या जरा आधी त्यानं चित्र थांबवलं आणि मोठं करत गेला, डोळा पडदाभर होईपर्यंत. डोळ्यासमोर जे असतं ते डोळ्यात दिसतं, इवलंसं. खिडकी असेल तर खिडकी, दिवा असेल तर दिवा. आईच्या डोळ्यात खिडकी होती. चौकोनी, स्वच्छ. तिच्या कडेला कॅमेऱ्यामागं वाकलेल्या माणसाचा काळा ठिपका होता. दिवा नव्हता. दिवा त्यानं आईच्या मागं ठेवला होता, केसांची कड उजळावी म्हणून. तिच्या डोळ्यांत तो जाणं शक्यच नव्हतं.

म्हणजे हीसुद्धा गोष्टच. प्रत्येकाला ज्याची त्याची दिली, तशी त्याला त्याची. कॅमेरावाल्याला दिव्याची. आणि तो इतरांसारखाच फुगून उभा होता, बटणावर हात ठेवून.

आई खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती. "लाव ना," ती म्हणाली. "काय झालं?"

आता काय करावं? नुसतं बटण दाबलं असतं तरी झालं असतं. एवढा जोराचा दिवा समोर आला तर कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल, आईच्याही आलं असतं, बाई खूश, पिक्चर त्याचा, नाव पहिल्याच पाटीवर. आई तर स्वतःहून डोळे पुढं करून बसली होती. ती एवढी उतावीळ का झालीय, हे मात्र त्याला समजेना. आईला पडद्याची एवढी हौस कधी लागली?

"मॅडम," तो म्हणाला, "दिवा मागं होता."

"काय?"

"त्या दिवशी. समोर नव्हताच. हे बघा, डोळ्यात दिसला असता." त्यानं मॉनिटर वळवला. "समोरून दिवा मारून पाणी काढता येईल. पण ते हे नसेल. आणि मी तो आईच्या डोळ्यांत मारणार नाही."

बाईंनी वाकून त्या डोळ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आई खोटं बोलल्या?"

"खोटं नाही. आई गोष्ट सांगते."

"कार्ट्या," आई म्हणाली. हळूच, पण काजव्याला ऐकू गेलं.

बाईंनी खिडकीशी जाऊन बाहेर पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, जिथं आता भाऊजी दादाला अपेंडिक्सची खूण दाखवत असावेत, कारण दादा "झाका ते, झाका!" म्हणत होता.

"आई, रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या युनिटमध्ये आलात तर आठवड्यात सगळं युनिट एकमेकांशी बोलायचं बंद होईल. ती भूमिका मी नटीकडून करून घेते, ते तिचं कामच आहे." मग काजव्याकडे वळून, "तुम्ही दिवा समोरून लावला असतात तर मला कळलंही नसतं. मला उजेड असाच, खरा हवाय. परवा गाडी येईल."

आणि चहाच्या कपात उरलेला घोट उभ्यानंच संपवून त्या गेल्या.

पिक्चर मिळाला होता. काजव्याला ते कळायला थोडा वेळ लागला, कारण खोलीत कुणी आनंदानं ओरडलं नाही. दार वाजल्यावर स्वयंपाकघरातून सगळे बाहेर आले, आणि काय झालं ते ऐकल्यावर जे घडलं ते तर त्याला अजिबातच समजलं नाही.

"आईला काढलं?" दादा म्हणाला. सकाळपासून हाच विरोधात होता. "तिच्या तोंडावर? आणि तू ऐकून घेतलंस?"

"मीच म्हणालो की दिवा..."

"तूच काढलंस!" ताई म्हणाली. "स्वतःच्या आईला! स्वतःचं काम झालं, आईचं गेलं."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. अपेंडिक्सचा अपमान क्षणात विसरला गेला होता. तिघं सोफ्यावर एका रांगेत बसली, आणि समोर काजवा एकटा, कॅमेऱ्याच्या वायरी पायात.

"अरे, पण तुम्हालाच तर नको होतं ना!"

"नको होतं ते आम्हाला," दादा म्हणाला. "त्या बाईनं नको म्हणायचं काय कारण?"

आई खुर्चीतच होती. तिनं एकाही बाजूला एकही शब्द टाकला नाही, आणि हे त्या घरात इतकं विचित्र होतं की हळूहळू सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले.

तेवढ्यात बायको आतल्या खोलीतून आली. तिच्या दोन्ही हातांत मिळून एक बॅग होती.

"ही कुठं ठेवू?" तिनं विचारलं. "पलंगाखाली होती. आईंनी भरून ठेवलीय वाटतं. फार जड आहे."

बॅग तिनं मधोमध ठेवली. चेन पुरती लागलेली नव्हती. आत दोन स्वेटर, औषधांचा डबा, लोकरी मोजे आणि सगळ्यांवर कोंबून बसवलेली, आईला जिच्याशिवाय झोप येत नाही ती छोटी उशी.

"बघितलंत?" ताई उठली. "माझ्याकडे यायची तयारी केली होती. मी म्हटलं होतं ना आई तुला, या थंडीत चल म्हणून."

"तुझ्याकडे कशाला?" दादा म्हणाला. "दुकानावरची खोली मी तिच्यासाठी रंगवून घेतलीय. तिला सांगितलं होतं मी."

"नाही, त्याचं असं आहे," भाऊजी म्हणाले, "मागं दवाखान्यात आईंनी मला शब्द दिला होता..."

"आई," ताई म्हणाली, "सांग ना. कुणाकडे निघाली होतीस?"

काजवा आईकडे बघत राहिला. आता गोष्ट येणार. ताईला एक, दादाला एक, भाऊजींना एक. आईनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग खुर्चीच्या हातावरचा नसलेला धागा ओढायला लागली. बर्फात, समुद्रात, क्रेनवरून मुलाला सहज मारणाऱ्या बाईला एका बॅगेची गोष्ट सुचेना.

लोकरी मोजे. डोंगर. चार महिने.

काजव्याच्या डोक्यात सकाळपासून जे नुसतंच गरगरत होतं त्यातलं एवढंच काहीतरी जागेवर बसलं. सगळं नाही. एवढंच. मघाशी डोळे पुढं करून ती पडद्यासाठी बसली नव्हती.

तो पुढं गेला. बॅग उचलली. खरंच जड होती. पॅसेजमध्ये कॅमेऱ्याच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या, त्या रांगेत लेन्सच्या पेटीशेजारी त्यानं ती नेऊन ठेवली.

"ही माझ्या सामानात जाणार," तो म्हणाला.

"तुझ्या?" दादा म्हणाला. "अरे, तिला काढलंय ना पिक्चरमधून?"

"रडायच्या कामावरून काढलंय. बसायचं काम आहे की, बाईंना मी सांगतो. त्या नटीबाई काय तासन् तास बसणार आहेत, आम्ही उजेड लावेपर्यंत? त्यांच्या जागी कुणीतरी बसवावंच लागतं. त्याच वयाचं, तशाच चेहऱ्याचं. आम्ही उजेड लावतो, तो लागला की ते माणूस उठतं आणि नटी येऊन बसते."

"शी!" ताई म्हणाली. "म्हणजे आईनं नुसतं बसायचं? पडद्यावर न येता? लोकांना कळणारसुद्धा नाही?"

"नाही कळणार."

आई खुर्चीतून उठली. पॅसेजपर्यंत आली. पेट्यांकडे, बॅगेकडे आणि शेवटी काजव्याकडे बघून तिनं, दुकानदाराशी घासाघीस करताना करते तसे डोळे बारीक केले.

"म्हणजे बसणार मी, आणि रडणार ती?"

"हो."

"बरं आहे. रडलं की माझं डोकं धरतं. आणि मी बसलेली असताना कॅमेऱ्यातून बघणार कोण? तुझी ती शिकाऊ पोरं?"

"मीच बघणार. दुसरं कोण?"

"किती वेळ?"

"उजेड लागेपर्यंत."

"तुला लवकर लागतो का उजेड?"

काजव्यानं जरा विचार केला. सगळ्या इंडस्ट्रीत तो झटपट म्हणून प्रसिद्ध होता. त्याला कामं मिळायची ती त्यामुळेच.

"नाही," तो म्हणाला. "फार वेळ लागतो मला. दिवस दिवस जातो."

आईनं मान हलवली. खोटं तिला लगेच ओळखता यायचं, आणि चांगलं असेल तर त्याचा मानही ठेवता यायचा.

"पण मग तो थेंब?" मागून भाऊजी म्हणाले. "तो शेवटी कुणाचा, ते राहिलंच की!"

आई खाली वाकली होती आणि बॅगेची चेन ओढत होती. ती उशीच्या टोकात अडकली. तिनं दोनदा ओढली, मग मान वर करून काजव्याकडे पाहिलं. तो नुसता उभा होता.

"बघतोस काय असा?" ती म्हणाली. "दाब ती उशी, मी ओढते."

त्यानं दोन्ही हातांनी उशी दाबून धरली, आणि आईनं चेन लावली.